गार वाटतंय ना, आई?

२९ जून, रविवार

दादाशी आज फोनवर तासभर भांडले आणि जिंकले. वहीत लिहून ठेवते, म्हणजे उद्या तो फिरला तर तारीख तोंडावर मारता येईल.

ठरलं ते असं. आई यंदाचा उन्हाळा देगूच्या आपल्या घरातच काढेल. तेवीस ऑगस्टला पंचांगात ऊन उतरतं. तोवर तिला काही झालं नाही, तर सांगचलदादा वृद्धाश्रमाचा विषय पुन्हा काढणार नाही. झालं, तर मी तोंड उघडायचं नाही. गेल्या वर्षी ती अंगणात लोणच्याच्या रांजणांपाशी चक्कर येऊन पडली आणि शेजारच्या काकूंनी बघितलं म्हणून वाचली. तेव्हापासून दादाच्या खिशात त्या वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक असतं. वहिनीने तिथल्या फुलांचा फोटोही पाठवला होता. फुलं बघायला एक्याऐंशी वर्षांच्या बाईला घर सोडायला लावतात!

"जबाबदारी कोण घेणार?" दादा म्हणाला.

"मी," म्हटलं. "तुझ्यासारखी नुसती पत्रकं नाही वाटत."

आणि लगेच एसी मागवला. चाकांचा. भिंतीवरचा आई लावू देत नाही. बाबांनी हाताने बांधलेल्या भिंतीला भोक पाडणार नाही, म्हणते. दुकानदार म्हणाला, ह्याला भोक नको की कारागीर नको. मागची जाड नळी खिडकीतून बाहेर काढायची, उरलेल्या फटीत पट्टी बसवायची आणि बटण दाबायचं. खाली चाकं आहेत, ह्या खोलीतून त्या खोलीत ढकलत न्या.

मला तर वाटतं, हे यंत्र आईसाठीच काढलंय.

३ जुलै, गुरुवार

एसी पोचला! पोचवणाऱ्याने फोटो पाठवला: आमचं निळं फाटक आणि त्याला टेकून भलंमोठं खोकं. खाली लिहिलेलं, 'दाराशी ठेवलं आहे.' फोटो सुनजाताईला दाखवला. ती जहाजांच्या कारखान्याच्या खानावळीत माझ्या शेजारच्या चुलीवर असते. म्हणाली, "आईचं नशीब काढलंस बाई. माझी लेक मला एक हातपंखा देईल तर शपथ."

आईला फोन केला तर ती सूप पीत होती. मोड आलेल्या सोयाबीनचं, उकळतं, ह्या उन्हात. भुरका मारला आणि म्हणाली, "अहाहा, गार वाटलं."

आमच्या आईला कशानेही गार वाटतं. जीभ पोळणाऱ्या सुपाने वाटतं, पाठ खरडून काढली की वाटतं, कुणाला चार शब्द सुनावले की वाटतं. मी म्हटलं, "ते तुझं नेहमीचं गार नव्हे. आता खरं गार कसं असतं ते बघ. खोकं आत घेतलंस का?"

"अगं, केवढं ते! माझ्या खांद्याला लागतंय."

"आई, त्याला चाकं आहेत."

"चाकं खोक्याच्या आत आहेत ना."

"मग खोकं फाड. रविवारी मी येतेच, बसवून देते."

"येणार आहेस? नक्की?" एवढं म्हणून तिने फोन ठेवला. जास्त बोललं की माझ्या फोनची बॅटरी संपते, असं तिला वाटतं.

६ जुलै, रविवार

जाता आलं नाही. नव्या जहाजाचं नाव ठेवायचा समारंभ अचानक आजवर आला आणि मुकादमिणीने सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. बाराशे ताटं. इथून, कोजेहून, देगू काही परदेश नाही, बसने अडीच तास. पण खानावळीतल्या बाईला अडीच तास म्हणजे काय ते दादासारख्या ऑफिसवाल्याला नाही कळायचं.

दुपारी आईला कळवलं. ती म्हणाली, "राहू दे. मी खिडकी पुसून ठेवलीय, पुसलेली राहील."

"काकूंना हाक मार. दोघी मिळून ढकला."

"लोकांना कशाला त्रास? त्यांचे गुडघे दुखतात."

"मग खोकं फाटकाशीच राहू देणार का? पाऊस आला तर वाया जाईल. आई, जरा मनावर घे. चाकं आहेत त्याला, लहान पोरही ढकलेल."

जरा जोरात बोलले. पण तिच्याशी जोरात बोलल्याशिवाय काही हलत नाही.

८ जुलै, मंगळवार

सकाळपासून फोन उचलत नाही. चार वेळा केला. काकूही उचलत नाहीत. दोघी मिळून सार्वजनिक न्हाणीघरात गेल्या असतील, पाठी खरडायला. मी इकडे घामाने भिजतेय.

९ जुलै, बुधवार

फोन आला एकदाचा! तिनेच केला.

आवाज खोल गेलेला. विचारलं, "झोपली होतीस का?" म्हणाली, "हं, पडूनच आहे." मी विचारलं, "आत घेतलंस?" म्हणाली, "घेतलं."

"लावलंस? गार वाटतंय ना, आई?"

"गार वाटतंय."

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! हातातला झारा खाली ठेवून मी तिथेच बसले. सुनजाताई म्हणाली, "रडतेस काय, कांदा चिरलास का?"

दादाला मेसेज पाठवला: 'आई एसीत झोपली आहे. तुझं पत्रक रद्दीत दे.' त्याने वाचला, उत्तर दिलं नाही. जळत असणार.

१३ जुलै, रविवार

आईचा फोन तीन दिवस बंद होता. पाण्यात पडला म्हणे. आज लागला. एसी रोज चालू आहे आणि रोज गार वाटतंय.

सुनजाताईच्या बहिणीकडेही असाच आहे, चाकांचा. ती म्हणाली, "अगं, तो ट्रॅक्टरसारखा गुरगुरतो. टीव्ही ऐकू येत नाही." म्हणून मी आईला सांगितलं, फोन जरा यंत्राजवळ धर. कसलाच आवाज नाही. लांबून कुणाच्या तरी चपला फटफटत गेल्या, तेवढंच.

सुनजाताईला म्हटलं, "बघ, वस्तू पारखून घ्यावी लागते."

काकूंना कोरड्या मासळीची पिशवी पाठवून दिली. आईवर लक्ष ठेवतात म्हणून. त्यांनी फोनवर "कशाला गं, कशाला" एवढंच म्हटलं आणि घाईघाईने ठेवला. काकू मूळच्या योंगचनच्या, तिकडच्या बायका लाजाळूच.

२० जुलै, रविवार

उन्हाळ्यात अंगात ताकद राहावी म्हणून तीन दिवस कोंबडीचं सूप खायचं असतं, त्यातला आज पहिला. आईसाठी घेऊन जाणार होते, पण ह्या दिवशी खानावळीतून कोण सोडतंय? नऊशे कोंबड्या, प्रत्येकीच्या पोटात भात, लसूण आणि एक खारीक भरून शिवली. हाताला अजून वास आहे.

आईला साडेपाचला फोन केला, तर तिचं जेवण उरकलेलं!

"आज कोंबडी होती," ती म्हणाली.

"कुणी केली?"

"आणून दिली."

तेवढ्यात मागून एक बाई ओरडली, "आजीबाई, पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं ना!" मी विचारलं कोण गं ती, तर म्हणाली, "टीव्ही." हल्ली मालिकांत म्हाताऱ्यांशीसुद्धा असं बोलतात. बंदच केला पाहिजे तो टीव्ही.

२७ जुलै, रविवार

सुट्टी होती. खरं सांगायचं तर देगूला जाता आलं असतं. पण खानावळीतल्या सगळ्याजणी समुद्रावर निघाल्या, गाडी ठरलेली, कलिंगड घेतलेलं. तीन वर्षांत एकदा जमलं. आणि आई तर मजेत आहे. मी जाऊन काय करणार, एसीसमोर तिच्याबरोबर बसणार? उगीच मनाला खात बसले, कलिंगडही गोड लागलं नाही.

तिथूनच फोन केला. "एसीच्या टाकीत पाणी साठत असेल, ओततेस ना वेळेवर?"

"ओततात ना," म्हणाली.

"ओततात? कोण?"

"ओतते. ओतते म्हटलं."

म्हातारपणी जीभ घसरतेच. मग तिने नेहमीचं विचारलं, कधी येतेस. मी म्हटलं, कोंबडीच्या शेवटच्या दिवशी नक्की, नऊ ऑगस्टला. ती म्हणाली, "त्या दिवशी ऊन फार असतं. नको येऊ. सुगीच्या सणालाच ये." माझी काळजी! ह्या वयात!

दादा आजकाल गोड बोलतो. काल स्वतःहून फोन करून विचारत होता, जेवतेस ना नीट, कंबर कशी आहे. हरला की माणूस माणसात येतो.

९ ऑगस्ट, शनिवार. देगू.

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

आईला न सांगता आले. कोंबडी डब्यात, डबा टॉवेलात गुंडाळलेला. दहाच्या सुमाराला गल्लीत शिरले. फाटकाला बाहेरून कुलूप. नवं, पितळी. आमच्या फाटकाला जन्मात कधी कुलूप नव्हतं.

काकू त्यांच्या दारात मिरच्या वाळत घालत होत्या. मला बघितलं आणि हातातली सुपली खाली ठेवून उठून आत जायला लागल्या. हो, आत जायला लागल्या! ज्या बाईने माझं शेंबडं नाक पुसलं ती. मी आडवी गेले.

"काकू, आई कुठेय?"

"मला नको विचारूस बाई. तुझ्या आईने शपथ घातलीय."

"जिवंत आहे ना?"

"अगं, असं काय बोलतेस! आहे. बरी आहे. पाय बसवलाय."

मग सगळं बाहेर आलं. आठ जुलैला सकाळी, ऊन चढायच्या आत, आईने खोकं आत घ्यायचं ठरवलं. ढकलून हलेना. म्हणून तिने पेटीतून जुनी झोळी काढली, आम्हा दोघांना पाठीशी बांधून बाजारात न्यायची ती, निळ्या चौकड्यांची. ती खोक्याभोवती आवळली आणि उलट्या पावलांनी ओढत निघाली. फाटक ओलांडलं. पहिली पायरी झाली. दुसऱ्या पायरीवर खोकं तिच्या अंगावर आलं. खुब्याचं हाड मोडलं. काकूंनीच गाडी बोलावली, दादा सोलहून दुपारी पोचला, आईला लघवीची नळी लावली, ऑपरेशन झालं. मग दोन आठवड्यांनी तिला त्याच फुलांच्या फोटोवाल्या वृद्धाश्रमात नेलं.

आठ जुलै. आणि नऊ जुलैला ती मला म्हणाली, गार वाटतंय. मोडलेल्या हाडानिशी, इस्पितळाच्या खाटेवरून. आणि मी झारा ठेवून आनंदाने रडले.

"तुम्ही मासळी खाल्लीत ना?" मी काकूंना विचारलं. दुसरं काही सुचेना.

"नाही गं. घशाखाली उतरली नाही. तशीच आहे, नेतेस का परत?" आणि त्या रडायला लागल्या. मला रडू आलं नाही. आपली माणसं असा केसाने गळा कापतात, महिनाभर, रोज, गोड बोलून, तेव्हा रडू येत नाही.

किल्ली काकूंकडे होती. आत गेले. खोकं ओट्यावर उभं, एक कोपरा चेपलेला, चिकटपट्टीसुद्धा न काढलेली. त्यावर झोळी घडी करून ठेवलेली. खिडकीची काच मात्र पुसलेली होती.

तिथूनच दादाला फोन लावला. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. चोर म्हटलं. म्हटलं, तुला हेच हवं होतं, तू वाटच बघत होतास. मला अंधारात ठेवून आईला उचलून नेलंस. सगळ्या गल्लीला ठाऊक, आणि पोटच्या पोरीला नाही. म्हटलं, मी चांगलं करायला गेले. म्हटलं, त्याला चाकं होती!

माझं संपल्यावर तो म्हणाला, "झालं? आता गार वाटलं?"

मी झोळी खोक्यावरून उचलली, परत ठेवली.

"चाकं होती, मिरान. पायऱ्याही होत्या. तीन. तू त्याच घरात वाढलीस."

मग म्हणाला, "मी तुला त्याच दिवशी कळवणार होतो. आईने माझा हात धरला. म्हणाली, तिला कळलं तर ती जन्मभर स्वतःला खात बसेल. तिला म्हणावं, एसी छान आहे."

हे मला सांगायची त्याला काय गरज होती? गप्प बसला होता महिनाभर, बसायचं होतं अजून. आता ह्याच घरात झोपायचं आहे आणि खोक्याकडे पाठ करून झोपता येत नाही. कोंबडीचा डबा उघडलासुद्धा नाही.

१० ऑगस्ट, रविवार

गेले होते. फुलं आहेत खरी. प्लास्टिकची.

सहा खाटा, आईची खिडकीजवळची. छतातून गारेगार वारा. तिने गळ्यापर्यंत पांघरूण घेतलेलं. मला बघून तिने डोळे मिटले. लहान मूल चोरी पकडल्यावर मिटतं तसे.

"खोटं का बोललीस?" मी खाली बसायच्या आधीच विचारलं.

"खोटं कुठे बोलले? तू विचारायचीस, गार वाटतंय ना. मी म्हणायचे, गार वाटतंय. इथे फारच गार असतं गं. दुपारी दुसरं पांघरूण मागावं लागतं."

"आई, चेष्टा पुरे. माझा विश्वास होता तुझ्यावर."

"माझाही होता," ती म्हणाली. "रविवारी येते म्हणालीस. मी खिडकी पुसली. खारका भिजत घातल्या."

रागाने नाही म्हणाली. ताट वाढताना मीठ कमी पडलं असेल तर सांग, म्हणावं तशा आवाजात म्हणाली. ओरडली असती तर बरं झालं असतं. मला उलटून ओरडता आलं असतं.

मी म्हटलं, "तेवीसपर्यंत थांबायचं ठरलं होतं. मी जिंकणार होते."

"कोण जिंकणार होतं?" तिला काही कळेना. तिला आमच्या त्या पैजेबद्दल कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितलं नव्हतं. दादानेही नाही. तिच्या घराचा सौदा आम्ही दोघांनी फोनवर केला होता.

शेजारच्या खाटेवरच्या आजी मोठ्याने म्हणाल्या, "ही एसीवाली लेक का? तुझी आई रोज सांगते, लेकीने एसी घेऊन दिला, आवाजसुद्धा होत नाही त्याचा."

मी कोंबडी भरवली. डॉक्टर म्हणतात, चालेल, पण पायऱ्या नाही चढायच्या. आमच्या घरात पायऱ्यांशिवाय आहे काय? निघताना आईने हळूच विचारलं, "ते यंत्र आतून फुटलं तर नाही? माझ्या अंगावर पडलं म्हणून निभावलं. जमिनीवर पडलं असतं तर तुकडे झाले असते."

२३ ऑगस्ट, शनिवार

आज ऊन उतरायचा दिवस. उतरलेलं नाही.

देगूचं घर दादा सणानंतर भाड्याने देणार. माझी संमती विचारली. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं, नाही उघडलं.

एसी मी इथे आणलाय. मासळीवाल्याच्या टेंपोतून. दादा म्हणाला, विकून टाक, तुझ्या डोळ्यांसमोर नको. पण विकायला देववेना. कोपरा चेपलाय, तरी चालतो. फक्त माझ्या खोलीची खिडकी खालून वीतभरच उघडते, तिच्यातून नळी बाहेर जात नाही. ती खोलीतच पडून असते. म्हणजे पुढून गार हवा तोंडावर आणि मागून गरम हवा पाठीवर. सुनजाताई बघून गेली आणि म्हणाली, "पाचशे वेळा सांगितलं होतं, आवाज करतो. ट्रॅक्टर आहे ट्रॅक्टर. आणि खोली भट्टी झालीय, बंद कर तो." नाही केला.

आज आईला सगळं विचारायचं ठरवलं होतं. कागदावर लिहूनच काढलं. की तू मला एवढी कच्ची का समजलीस. की माझ्यामुळे पडलीस तर मला तोंडावर का नाही म्हणालीस, दादाला का सांगितलंस. की आता तू जे बोलशील त्यावर मी विश्वास कसा ठेवायचा. तू 'जेवले' म्हणतेस, ते खरं की नाही. 'दुखत नाही' म्हणतेस, ते खरं की नाही. सहा वाजता तिचाच फोन आला. जेवण झालं होतं.

"कसला गं एवढा आवाज?" ती म्हणाली.

"एसी, आई. तुझा."

"हा? हा असा बोंबलतो?" ती हसायला लागली. किती दिवसांनी हसली. "अगं, आणि मी इथे सगळ्यांना सांगितलंय, आवाजच नाही म्हणून! आता काय तोंड दाखवू?"

मीही हसले. घाम डोळ्यांत जात होता. कागद समोरच होता.

"बरं झालं तू नेलास," ती म्हणाली. "चुलीपाशी उभी असतेस दिवसभर. लावतेस ना रोज? गार वाटतंय ना?"

मी कागद उलटा ठेवला.

म्हटलं, "गार वाटतंय."